सिकलसेल: रक्त आमचे, माप परक्याचे

सिकलसेल हे नाव विदर्भाला नवे नाही. मोझरीच्या या मंडपातही असे कोणी बसले असेल, की ज्याच्या नात्यात एखादे लेकरू हातपाय दुखतात म्हणून रात्र रात्र रडते. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि ही वेदना उठते. आदिवासींत आणि एके काळी अस्पृश्य मानलेल्या समाजांत हा आजार विशेष आढळतो.

१९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी या पेशींचे पहिले वर्णन केले. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरचा एक विद्यार्थी. हा आफ्रिकी वंशाचाच रोग, ही समजूत पुढे रूढ झाली. १९५२ मध्ये तो निलगिरीच्या आदिवासींत सापडला. १९५८ मध्ये शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील नोंद 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे रक्त आमचेही तपासले गेले, पण मोजणीपुरते!

औषधाचा प्रयोग झाला तो अमेरिकेत. १९९५ साली २९९ प्रौढ रुग्णांवर हायड्रॉक्सियुरिया गुणकारी ठरले. ते रुग्ण बहुतेक आफ्रिकी वंशाचे, आणि मात्रा त्यांना सोसेल तितकी वाढवत नेलेली. तेच माप आमच्या लेकरांना लावावे काय? आपल्याकडील सिकलच्या जनुकाचे कूळ निराळे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन आपल्या रुग्णांत पुढेही अधिक टिकते. म्हणून भारतीय आजार सौम्यच, असे विद्वान म्हणत. नागपुरात जन्मापासून पाहिलेल्या मुलांनी ते सरसकट खरे नसल्याचे दाखवले.

नागपूरच्याच डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीव्र आजाराची साठ मुले. निम्म्यांना रोज किलोमागे १० मिलिग्रॅम औषध, निम्म्यांना नुसतीच गोळी. एवढ्या थोड्या मात्रेनेही वेदनेचे झटके कमी झाले. मात्रा थोडी, म्हणजे खर्च थोडा. प्रयोगशाळेपासून दूरच्या खेड्याला याचे मोल फार.

२०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम चालू आहे. तरी तपासणीला नाव देताना आईबाप कचरतात. पोरीचे लग्न मोडेल ही धास्ती. तिला अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. रक्त नेले आणि निकालाचा कागद आलाच नाही, असे ज्याच्या घरी घडले, तो दुसऱ्यांदा हात पुढे का करील? नागपूरच्या प्रयोगात कोणत्या मुलाला कोणती गोळी, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. तरी साठ घरांतून मुले आली.