आठ बाय आठमधला चेहरा

१९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी व्हिडिओ सीडीचे मानक ठरवले, तेव्हा चित्र किती चांगले दिसावे हा प्रश्न त्यांच्यापुढे मोकळा नव्हताच. त्याचे उत्तर दहा-अकरा वर्षे आधी गाण्यांसाठी ठरून गेले होते. गाण्यांची सीडी ज्या वेगाने वाचली जाते, त्या वेगात दर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट हाती येतात. त्यातले सव्वादोन लाख आवाजाला दिले की चित्राच्या वाट्याला साडेअकरा लाख उरतात. जे काही दाखवायचे ते एवढ्यात.

एवढ्यात म्हणजे किती तोकड्यात, ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीच्या डिजिटल मापाने एक चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, आणि अशा चौकटी सेकंदाला २५. काहीही न गाळता हे साठवायचे तर सेकंदाला साडेसोळा कोटी बिट लागतात, म्हणजे तासाला सुमारे ७५ जीबी. व्हिडिओ सीडीने आधी चौकटच ३५२ बाय २८८ वर आणली, रंगांचा तपशील त्याहून कमी केला आणि उरलेले तीन कोटी बिट दाबून साडेअकरा लाखांत बसवले. साधारण सव्विसावा हिस्सा.

ही आकडेमोड मी हौसेने करत नाही. गेली काही वर्षे हौशी रंगभूमीवरच्या प्रयोगांची चित्रमुद्रणे जमवून पाहण्याचे काम करतो आहे. नव्वदीच्या दशकातले बरेचसे मुद्रण मुळात व्हीएचएस कॅसेटवर झालेले. पुढे सीडी आल्या, कोणीतरी हौसेने कॅसेटी सीडीवर उतरवून घेतल्या आणि बुरशी धरलेल्या कॅसेटी दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेल्या. संस्थांच्या कपाटांत आज उरले आहेत ते दोन-तीन सीडींचे संच. पोथीचा अभ्यासक जसा नकलकाराच्या खोडी आधी समजून घेतो, तसे या सीडीने काय राखले आणि काय गाळले हे कळल्याशिवाय तिच्यावरून प्रयोगाबद्दल काही बोलणे धोक्याचे आहे.

या नकलकाराचे मूळ बंगळुरूपर्यंत जाते. नासिर अहमद यांचा जन्म तिथला, १९४० सालचा. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत असताना, १९७२ साली, त्यांनी चित्रातली माहिती कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडण्याची कल्पना अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदानासाठी पाठवली. ती नाकारली गेली. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता, अशी आठवण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. अनुदान नाही म्हणून ते थांबले नाहीत. टी. नटराजन हे त्यांचे विद्यार्थी आणि के. आर. राव हे सहकारी यांच्याबरोबर त्यांनी काम पुरे केले आणि जानेवारी १९७४ मध्ये तो छोटेखानी निबंध प्रसिद्ध झाला. तीन भारतीय नावे असलेला हा निबंध जेपेग छायाचित्रांच्या, व्हिडिओ सीडीच्या, डीव्हीडीच्या मुळाशी आहे. आपल्याकडे त्याचा फारसा गवगवा झाला नाही. रामन आणि रामानुजन यांच्यापुढे आपली यादी सरकत नाही, हे एक कारण असावे.

कल्पना अशी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात किती उजेड आहे, तो कोणत्या दिशेने कसा बदलतो, हे ढोबळ लाटांपासून बारीक लाटांपर्यंत क्रमाने मांडायचे. या मांडणीत काही हरवत नाही. हरवते ते पुढच्या पायरीवर, जेव्हा बारीक लाटांचे आकडे ढोबळ करून टाकले जातात, कारण माणसाच्या डोळ्याला त्यांची उणीव सहसा जाणवत नाही. १९८८ मध्ये लिओनार्दो किआरिलियोने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपेग हा तज्ज्ञगट जमला. त्याने याला दुसरी युक्ती जोडली: प्रत्येक चौकट नव्याने लिहायची नाही, आधीच्या चौकटीत काय हलले तेवढेच लिहायचे.

आता ही पद्धत नाटकावर लावून पाहा. मराठी दिवाणखानी नाटक म्हणजे तिच्या दृष्टीने पक्वान्नच. कॅमेरा शेवटच्या रांगेमागे तिकाटण्यावर स्थिर, फ्लॅट जागचे हलत नाहीत, सोफा हलत नाही, दोन माणसे बोलत असतात. साडेअकरा लाख बिट आरामात पुरतात. पण दृश्य संपताना दिवे हळूहळू मंदावतात, तेव्हा एकाच वेळी सगळी चौकट बदलते. नेमक्या अशा जागी काळोख पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसू लागतात. लोकनाट्याचे तर विचारूच नका. गुलाल उधळला की प्रत्येक कण वेगळ्या दिशेला, आणि सीडीवर त्याची लालसर फरशी होते. एका प्रयोगाची प्रकाशयोजना ‘भडक आणि तुटक’ होती, असे केवळ सीडी पाहून लिहिलेले टिपण माझ्या वाचनात आले आहे. तो तुटकपणा दिव्यांचा नसून एमपेग-१ चा असणे अगदी शक्य आहे.

त्याहून मोठा प्रश्न चेहऱ्याचा. रंगमंच ३० फूट रुंद धरला आणि तो पूर्ण चौकटीत घेतला, तर ३५२ ठिपक्यांच्या हिशेबाने एका फुटाला जेमतेम १२ ठिपके येतात. नटाचा चेहरा नऊ इंचांचा. म्हणजे उंचीला नऊ ठिपके, रुंदीला सहा. नासिर अहमदांचा चौकोन आठ बाय आठचा. जवळजवळ सगळा चेहरा एका चौकोनात मावतो, आणि त्यातला डोळा, भुवई, ओठाची हालचाल ही नेमकी ती बारीक लाट, जी ढोबळ करून टाकण्यासाठी ही सारी यंत्रणा उभी आहे. डीव्हीडीवर तोच चेहरा उंचीला अठरा ठिपक्यांचा होतो आणि भुवई दिसू लागते. म्हणून दूरून घेतलेल्या सीडीवरून मी हालचालींची आखणी, विरामांची लांबी, प्रेक्षकांचा हशा यांबद्दल विश्वासाने लिहितो. मुद्राभिनयाबद्दल लिहीत नाही.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येतो. डिवएक्सच्या जमान्यात माप सीडीच्या वेगाऐवजी तिच्या पोटाचे झाले: चित्रपट कोणताही असो, फाइल ७०० एमबीची. २००३ मध्ये एच.२६४ आले आणि डीव्हीडीइतकेच चित्र सुमारे निम्म्या बिटांत बसू लागले. २०१३ चे एचईव्हीसी आणि २०१८ चे एव्ही१ त्याच वाटेने आणखी पुढे गेले. मग व्हॉट्सॲपची १६ एमबीची मर्यादा आली आणि अख्खा प्रवेश तीत कोंबला जाऊ लागला.

इथे एक गैरसमज मला वारंवार भेटतो. ‘आमच्याकडे एमपी४ मध्ये आहे’ असे अभिमानाने सांगितले जाते. एमपी४ हा डबा आहे, एमकेव्ही आणि एव्हीआय हेही डबेच. आत भाजी कोणती आणि ती कितीदा गरम केलेली, हे डब्यावरून कळत नाही. सीडीवरची ६०० एमबीची फाइल दोन जीबीची ‘एचडी’ करून देणारे दुकानदार आहेत. चेहऱ्यातले नऊ ठिपके अठरा होतात, पण भुवई परत येत नाही. उलट प्रत्येक रूपांतरात जुन्या चौकोनांवर नव्या चौकोनांची घडी पडते. सीडीवरची मूळ .डॅट फाइल ओबडधोबड असली, तरी तीच जपावी, असे माझे मत आहे.

जिथे कॅसेट अजून शाबूत आहे, तिथे मात्र काहीही न गाळणारा एफएफव्ही१ हा प्रकार वापरावा. जगातली अनेक संग्रहालये तो वापरतात, आणि २०२१ पासून त्याचे अधिकृत मानकही आहे. तासाचे ७५ जीबी साधारण निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतात, आणि उलगडल्यावर ठिपक्याला ठिपका जुळतो. हार्ड डिस्क आता परवडते. अडचण यंत्राची आहे. व्हीएचएस प्लेयर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आता जुन्या बाजारात मिळेल त्या यंत्राची डोकी पुसून काम करावे लागते, आणि बुरशी लागलेली फीत त्यात घालायला यंत्राचा मालक सहसा तयार होत नाही.

माझ्या संग्रहातल्या प्रत्येक फाइलीबरोबर मी एक कागद ठेवतो: मूळ कॅसेट की सीडी, कॅमेरा कुठे होता, प्रत कोणी उतरवली, मध्ये किती वेळा रूप बदलले. बऱ्याच कागदांवर पहिल्याच रकान्यात ‘कॅसेट होती, टाकून दिली’ असे लिहिले आहे.