पर्स्पेक्टिव्ह (यथादर्शन)

पाहणाऱ्याची जागा ठरवून घेऊन तिथून वस्तू जशी दिसते तशी सपाट पृष्ठभागावर काढण्याची पद्धत. व्यवहारात हाच शब्द दृष्टिकोन, एखाद्या गोष्टीकडे बघण्याची बाजू या अर्थाने चालतो.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार विवर हे याचे उत्तम उदाहरण. सुमारे 1.8 कि.मी. व्यासाचे हे विवर उपग्रहाच्या छायाचित्रात जवळजवळ गोल दिसते. काठावरून पाहिले की तेच लंबवर्तुळ होते, तेही चांगलेच चपटे. खाली कमळजा देवीच्या देवळापाशी उतरल्यावर पाण्याचा नुसता पट्टा उरतो. डोळा पाण्याच्या पातळीकडे जितका खाली येतो, तितके वर्तुळ मिटत जाते. शिवाय त्याचा पलीकडचा अर्धा भाग अलीकडच्यापेक्षा आक्रसलेला दिसतो.

ग्रेड परीक्षेच्या वस्तुचित्रात मुले अडतात ती इथेच. टेबलावरच्या तांब्याचे तोंड लंबगोल काढतात आणि बूड मात्र सरळ रेषेत. वास्तविक बूड डोळ्यापासून अधिक खाली असल्याने त्याची कड तोंडापेक्षा जास्त गोलाई घेते. मलकापूर किंवा शेगाव स्थानकावरून दूरवर एकत्र येताना दिसणारे रूळ ज्या बिंदूत मिळतात, त्याला चित्रकलेचे शिक्षक व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात. तो पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर, म्हणजे क्षितिजरेषेवर असतो.

या पद्धतीचे गणित पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की यांनी प्रयोगाने दाखवले आणि आल्बेर्ती यांनी 1435 मध्ये ग्रंथात मांडले. मात्र तेवढेच एक खरे चित्रण असे मानण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यापासून जवळच असलेल्या अजिंठा लेण्यांत चित्रकाराचा डोळा भिंतभर फिरतो. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी भोवतीच्या आकृत्यांपेक्षा मोठा आहे तो जवळ असल्यामुळे नव्हे, महत्त्वाचा असल्यामुळे. अंग वळल्याने अवयव लहानमोठे दिसणे ‘चित्रसूत्र’ या चित्रकलेवरच्या जुन्या संस्कृत लेखनाच्या कर्त्यालाही ठाऊक होते. त्याने त्याला क्षयवृद्धी म्हटले.

बोलीत ‘दुरून डोंगर साजरे’ अंतराची गोष्ट सांगते, तर ‘त्याच्या जागी उभे राहून बघ’ जागेची. वर्तमानपत्री ‘परिप्रेक्ष्यात’ बहुधा नुसत्या ‘संदर्भात’ची जागा अडवते. बाजू बदलल्याने समजूतच बदलते याचा दाखला पुन्हा लोणारचाच: हे विवर ज्वालामुखीचे असल्याचा समज बराच काळ होता. आघाताच्या दाबाने खडकात घडलेली मॅस्केलिनाइट नावाची काच सापडल्यावर 1973 मध्ये ते उल्कापाताचे ठरले.