डिश एंडचं वळण

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत मामूंची छोटी शेड होती, टॉवेलचं सूत रंगवायची. एके दुपारी स्टेनलेस स्टीलची टाकी फुसफुसायला लागली. तिच्या डिश एंडला, म्हणजे परातीसारख्या फुगीर टोकाला, वळणावर केसाएवढी चीर गेली होती. वाफेने एका कामगाराचा हात भाजला. मामू सारखे म्हणत होते, ‘अरे बेटा, पानी की टेस्ट तो पास थी!’

खोटं नव्हतं ते. ही पाण्याची टेस्ट माणसं मेल्यावर आलेल्या कायद्यांतली. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून अनेकजण गेले, आणि १८६४ मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला. मग इतर प्रांतांनीही केले. सात कायदे, सात नियमावल्या, एकीचं दुसरीशी जमेना. आपली जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली ती याच काळात. अखेर १९२३ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून सगळीकडे एकच मोजमाप आलं. आता त्याच्या जागी २०२५ चा कायदा आहे.

अब्बा गिरणीत बॉयलरवर होते. नव्या बॉयलरला चालत्या दाबाच्या दीडपट दाब पाण्याने देतात, हे मला त्यांनीच सांगितलं. पाणीच का? ते दबत नाही. भांडं तडकलं तर पाणी गळतं. हवा भरली असती तर तुकडे उडाले असते.

रंगाची टाकी म्हणजे बॉयलर नव्हे. तिला तेव्हा १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३१ वं कलम लागू होतं आणि भारतीय मानक २८२५, १९६९ सालचं. चाचणीची रीत मात्र तीच. आणि ही चाचणी त्या दिवशीची गळती दाखवते, पत्र्यात दडलेला ताण नाही.

तो ताण येतो कुठून? पत्रा थंडच दाबून वळवला की वळणावर तो कडक होतो. घरातल्या स्टीलच्या डब्याला लोहचुंबक लावून पाहा. सपाट तळाला बहुधा चिकटत नाही, काठाच्या वळणावर किंचित ओढ घेतो. टाकीचंही तसंच. त्यात सूत रंगवायला मीठ लागतं. गरम मिठाचं पाणी आणि ताणलेलं स्टील एकत्र आले की बारीक चिरा पडतात, त्याही महिन्यांनी.

उपाय तांबटांना ठाऊक आहे. ठोकून कडक झालेलं भांडं ते लाल तापवून नरम करतात. स्टेनलेसला सुमारे १०४० अंश सेल्सिअस लागतात आणि मग झटकन गार करावं लागतं. हळू निवालं तर ८५० ते ४२५ अंशांच्या दरम्यान त्यातलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि न गंजण्याचा गुणच कमी होतो.

गंमत म्हणा की दुर्दैव, जगभर वापरली जाणारी अमेरिकन संहिता नेहमीच्या ३०४ स्टीलला वाकवण्याची मर्यादा घालते ती ५८० अंशांपुढे चालणाऱ्या टाक्यांसाठी. आमची टाकी शंभर-सव्वाशे अंशांची. तिथे या तापवण्याची सक्ती नाही, मनाईही नाही. ज्याला हवं त्याने ऑर्डरमध्ये मागावं. मामूंना हे कोणी सांगणार? ते सगळ्यात स्वस्त टाकी घेऊन आले होते.

मी कवितेचा माणूस, बी.ए. झालेला, पण नव्या टाकीच्या ऑर्डरवर ती ओळ मीच लिहिली: डिश एंड वळवल्यानंतर तापवून गार केलेले असावेत, भट्टीच्या तापमानाचा आलेख सोबत द्यावा. मामूंनी वाढीव भाव ऐकला, तोंड वाकडं केलं आणि सही केली.