वेगमर्यादेची अंमलबजावणी (महामार्गांवरील)

महामार्गावर ठरवून दिलेल्या कमाल वेगाचे पालन चालकांकडून करवून घेण्याची पोलीस व परिवहन खात्यांची कार्यपद्धती. मर्यादा अधिसूचनेने ठरते आणि फलकावर लागते. ती किती कडकपणे राबवली जाते हे मात्र प्रदेशागणिक बदलते. वेग मोजणारे यंत्र न्यायालयात टिकते का, मर्यादेच्या वर किती सूट सोडली जाते, पकडले जाण्याचा धाक किती आणि ठोठावलेला दंड खरोखर वसूल होतो का, यांवर हा फरक अवलंबून असतो. दंडाचा पैसा कोणाच्या तिजोरीत जातो हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत सहसा येत नाही. पण पुष्कळ ठिकाणी कडकपणाचा उलगडा त्यावाचून होत नाही.

वेगमापन व सूट : पोलिसाच्या नुसत्या नजरेच्या अंदाजावर शिक्षा देण्यास बहुतेक न्यायव्यवस्था नाखूष असतात. त्यामुळे रडार, लेसर स्पीड गन आणि सरासरी वेग काढणारे कॅमेरे ही तीन साधने रूढ झाली. रडार रस्त्याच्या कडेला उभे राहून, वाहनाच्या दिशेशी कोन करून रोखले तर मोजलेला वेग खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी भरतो. ही त्रुटी चालकाच्या पथ्यावर पडते. लेसर गन एकेक वाहन निवडून मोजते. सरासरी पद्धतीत दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांमधील अंतर कापायला लागलेल्या वेळावरून वेग निघतो. कॅमेरा दिसताच ब्रेक दाबायचा आणि तो मागे पडला की पुन्हा गाडी पळवायची, ही सवय तिच्यापुढे चालत नाही.

यंत्राच्या त्रुटीपोटी मोजलेल्या वेगातून काही वजावट दिली जाते. जर्मनीत ती साधारणपणे ताशी १०० किमी. पर्यंत ३ किमी. आणि त्यापुढे ३ टक्के आहे. फ्रान्समध्ये स्थिर रडारांसाठी ५ किमी. किंवा ५ टक्के. ब्रिटनमधील पोलीस प्रमुखांच्या मार्गदर्शक सूत्रानुसार मर्यादेवर १० टक्के आणि आणखी २ मैल ओलांडल्यावर कारवाई सुरू होते. म्हणजे ७० मैलांच्या मोटरवेवर ७९ मैलांपासून. हे सूत्र मार्गदर्शक आहे, चालकाचा हक्क नव्हे. पण चालक ते हक्क म्हणूनच वापरतात.

अमेरिका : या विषयाची सर्वाधिक लिखित सामग्री अमेरिकेतील आहे, कारण तेथे मर्यादा, गस्त आणि न्यायालय हे सारे राज्यागणिक वेगळे असते. महामार्गावर राज्याचे गस्त पोलीस, काउंटीचे शेरीफ आणि गावाचे पोलीस असे तिघेही चालकाला थांबवू शकतात. तेलटंचाईमुळे जानेवारी १९७४ मध्ये संघराज्याने देशभर ताशी ५५ मैलांची (सु. ८९ किमी.) मर्यादा लादली, ती न पाळणाऱ्या राज्याचे महामार्ग अनुदान रोखले जाणार होते. पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या राज्यांनी कायदा केला, पण धार काढून घेतली. मोन्टाना राज्यात दिवसा ५५ ओलांडणाऱ्याला इंधनाची नासाडी केल्याबद्दल अवघा ५ डॉलर दंड होत असे आणि परवान्यावर नोंदही होत नसे. आज्ञापालन करून आज्ञा निष्प्रभ करण्याचा याहून चोख नमुना सापडणे कठीण. १९८७ मध्ये ग्रामीण आंतरराज्य मार्गांवर ६५ मैलांची मुभा मिळाली आणि १९९५ मध्ये राष्ट्रीय मर्यादा रद्द झाली. मोन्टाना दिवसापुरते ‘वाजवी व सावध’ वेगाच्या जुन्या नियमाकडे परतले. वाजवी म्हणजे किती, हे चालकाला आधी कळण्याचा मार्ग नाही म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा नियम १९९८ मध्ये घटनाबाह्य ठरवला. पुढच्या वर्षी ७५ मैलांचा आकडा आला.

आजही टोकाचे फरक आहेत. टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळच्या एसएच १३० या टोलमार्गाच्या एका भागात ८५ मैलांची (सु. १३७ किमी.) मर्यादा आहे. व्हर्जिनियात तोच ८५ मैलांचा वेग ओलांडणे किंवा मर्यादेपेक्षा २० मैल जास्त जाणे हा बेदरकार वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा ठरतो. २०२० पर्यंत ही रेषा ८० मैलांवर होती. पेनसिल्व्हेनियाने गावपोलिसांच्या हाती रडार देण्यास अनेक दशके नकार दिला, ते फक्त राज्य पोलिसांकडे ठेवले. कॅलिफोर्नियात, काही अपवाद वगळता, रस्त्याचे अभियांत्रिकी सर्वेक्षण करून ठरवलेली नसेल तर त्या मर्यादेसाठी रडारचा पुरावा चालत नाही.

महसुलासाठी होणारी कारवाई हा अमेरिकी साहित्यातील हुकमी विषय. महामार्ग गावातून जाताना मर्यादा अचानक उतरवायची आणि फलकाच्या पुढ्यात गस्तीची गाडी उभी करायची, अशा ठिकाणांना ‘स्पीड ट्रॅप’ म्हणतात. ओहायोतील न्यू रोम हे जेमतेम ६० वस्तीचे गाव दंडाच्या उत्पन्नासाठी इतके कुप्रसिद्ध झाले की २००४ मध्ये न्यायालयाने त्याचा गाव म्हणून दर्जाच संपुष्टात आणला. फ्लोरिडातील वाल्डो गावाचे पोलीस दल २०१४ मध्ये, तिकिटांचे कोटे ठरवून दिल्याच्या तक्रारींनंतर, विसर्जित झाले. जॉर्जियाच्या कायद्याने यावर हिशेबी तोडगा काढला आहे : स्थानिक पोलिसांना काही अपवाद सोडता मर्यादेच्या वर १० मैलांपर्यंत रडारने दंड करता येत नाही, आणि वेगाच्या दंडाचे उत्पन्न त्या दलाच्या अंदाजपत्रकाच्या ३५ टक्क्यांवर गेले तर रडार सुरक्षिततेसाठी वापरले जात नसल्याचे गृहीत धरले जाते. राज्याच्या गस्त पोलिसांना १० मैलांची अट नाही.

युरोप : जर्मनीच्या आउटोबानवर सरसकट मर्यादा नाही, ताशी १३० किमी. ही केवळ शिफारस आहे. मात्र जेथे फलक आहे तेथे कॅमेरे आणि फ्लेन्सबुर्ग येथील केंद्रीय गुणनोंद यांमुळे अंमलबजावणी काटेकोर असते. आठ दोषगुण साचले की परवाना जातो. मर्यादेचा अभाव म्हणजे शिथिलता, हा भारतीय प्रवाशांचा नेहमीचा गैरसमज. फ्रान्सने २००३ पासून स्वयंचलित रडार उभारले. २०१८ मध्ये दुय्यम रस्त्यांवरील मर्यादा ९० वरून ८० किमी. केल्यावर रोष वाढला, आणि त्या वर्षाअखेरच्या पिवळ्या जॅकेटवाल्यांच्या आंदोलनात देशातील निम्म्याहून अधिक रडारांची नासधूस झाली. फिनलंडमध्ये मोठ्या उल्लंघनाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असतो; २०२३ मध्ये ओलांद बेटांवर एका धनिकाला ५० च्या पट्ट्यात ८२ किमी. वेगाबद्दल १,२१,००० युरो भरावे लागले. ऑस्ट्रियात २०२४ पासून अतिवेगवान चालकाची गाडीच जप्त होऊ शकते.

भारत : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११२ वेगमर्यादेचे आणि कलम १८३ शिक्षेचे. २०१९ पूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड ४०० रुपयांपर्यंत होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो हलक्या वाहनांसाठी १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये झाला. दुसऱ्या गुन्ह्याला परवाना अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. कलम १८३ मधील एक पोटकलम महत्त्वाचे : एकाच साक्षीदाराचे वेगाविषयीचे मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजणीवर आधारलेले नसेल, तर केवळ त्यावर दोषी ठरवता येत नाही. ज्या पट्ट्यात स्पीड गन नाही तेथे मर्यादा जवळपास कागदावरच राहते, याचे हे कायदेशीर कारण.

खटल्याऐवजी भरायचे तडजोड शुल्क ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे असल्याने एकच कायदा वेगवेगळ्या गतीने लागू झाला. गुजरातने अनेक रकमा लगेच घटवल्या. महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ पर्यंत लांबवले. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्गांवर मोटारींना १२० किमी. पर्यंत मुभा दिली होती. मद्रास उच्च न्यायालयाने ती २०२१ मध्ये रद्द ठरवली. तरी त्यानंतर खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर १२० चाच फलक लागला. या विसंगतीची कायदेशीर बाजू वादग्रस्त आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आला : कॅमेऱ्याला मान्यता प्रमाणपत्र हवे, त्याची सूचना देणारा फलक हवा आणि नोटीस १५ दिवसांत पोहोचायला हवी.

केंद्रीय मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात रस्त्यांवरील १,६८,४९१ मृत्यूंपैकी ७१.२ टक्के अतिवेगाच्या खात्यावर आहेत. पंचनाम्यात कारण म्हणून ‘अतिवेग’ लिहिणे सर्वांत सोपे असते, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा.

राज्यांची उदाहरणे विषम आहेत. यमुना द्रुतगती मार्गावर धुक्याच्या दिवसांत, साधारण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, हलक्या वाहनांची मर्यादा १०० वरून ७५ किमी. वर उतरवतात. बंगळूरु–म्हैसूरु महामार्गावर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने ऑगस्ट २०२३ मध्ये दुचाकींना मज्जाव केला, आणि कर्नाटक पोलिसांनी ऑगस्ट २०२४ पासून १३० किमी. ओलांडणाऱ्यावर थेट गुन्हा नोंदवण्याचे धोरण घेतले. केरळने जून २०२३ मध्ये गाजावाजाने सुरू केलेल्या ७२६ कॅमेऱ्यांपैकी वेगासाठीचे फक्त ८ होते; बाकीचे बहुतांशी हेल्मेट आणि सीटबेल्टवर नजर ठेवणारे.

महाराष्ट्र : महामार्ग पोलीस आणि परिवहन विभागाची वायुवेग पथके अशा दोन यंत्रणा स्वतंत्रपणे चलान करतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना १०० किमी. ची मर्यादा आहे, घाटात बरीच कमी. अनेक वर्षे येथील कारवाई इंटरसेप्टर गाड्यांतील स्पीड गनवर चाले. गाडी कोणत्या पुलाखाली उभी असते हे रोजच्या चालकांना ठाऊक असे, आणि तेवढ्यापुरता वेग उतरे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक वाहतूक व्यवस्थापन प्रणालीने जागच्या वेगाबरोबर सरासरी वेगही तपासण्यास आरंभ केला. घाटात लेन मोडल्याच्या चलानांवरून मालवाहतूकदारांनी जोरदार हरकती घेतल्या : चढाच्या वळणांवर जड वाहनाला लेन बदलावीच लागते, असे त्यांचे म्हणणे.

समृद्धी महामार्गावर (७०१ किमी.) १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ झालेल्या बस अपघातात २५ जण दगावले. २०२३ मध्ये तेथे प्रवेश व निर्गमनाच्या वेळांवरून वेग काढून चालकांना थांबवण्याचा, टायर तपासण्याचा आणि दंडाऐवजी समुपदेशन करण्याचा प्रयोग परिवहन विभागाने केला.

वसुली ही कच्ची बाजू. ई-चलान घरबसल्या येते आणि तसेच पडून राहते. थकीत प्रकरणे लोकअदालतीत सवलतीने मिटवली जातात. त्यामुळे दंड लगेच भरणारा चालक थांबणाऱ्यापेक्षा अनेकदा जास्त पैसे मोजतो.

मालकांची जबाबदारी : कलम १८३ च्या अखेरच्या पोटकलमानुसार, वेगमर्यादा मोडल्याशिवाय पूर्णच होऊ शकत नाही असे प्रवासाचे वेळापत्रक मालकाने जाहीर केले किंवा तशी सूचना दिली, तर तो त्याच्याविरुद्धचा सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो.