एमएच-२१ चा हप्ता : जालन्यातील मोटारविम्याच्या दरांचा इतिहास

मोटारविम्याच्या हप्त्याचे दोन भाग असतात. गाडीमुळे दुसऱ्या कोणाचा जीव गेला, कोणी जखमी झाले किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई करणारा भाग म्हणजे थर्ड पार्टी. तो कायद्याने सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग ऐच्छिक आहे, आणि दोन्ही एकत्र घेतले की जालन्यात त्याला सरळ ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. विमा तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर एमएच-२१ ने सुरू होणारा नंबर टाकला की आज मिनिटभरात अनेक कंपन्यांचे भाव समोर येतात. हे भाव येतात कुठून आणि ते खरे आहेत हे कोण तपासते, याचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात आहे.

इंग्लंडमध्ये १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली. मात्र विम्याचे प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि ब्रिटिश मुलखातला कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमुळे कापसाच्या व्यापाराचे हे गाव ‘सोने का पालना’ म्हणून नावाजलेले होते, पण मोटारी फार थोड्या होत्या. संपूर्ण हैदराबाद संस्थानाच्या सरकारी बससेवेची सुरुवातच १९३२ साली २७ गाड्यांनी झाली होती, यावरून रस्त्यावरच्या वर्दळीचा अंदाज येतो. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतले तालुके घेऊन तयार झाला. पुढे गाड्यांच्या नंबरपाटीवर एमएच-२१ हा त्याचा स्वतःचा क्रमांक आला. विम्याच्या दृष्टीने हा क्रमांक महत्त्वाचा, कारण गाडीची नोंदणी कोणत्या कार्यालयात झाली यावर हप्ता ठरण्याची पद्धत पडली.

दर ठरवण्याचा अधिकार बराच काळ प्रत्येक कंपनीकडे मोकळा नव्हता. १९६८ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीची स्थापना झाली. मुंबईत बसणारी ही समिती दरपुस्तक काढी आणि तेच साऱ्या देशाला लागू असे. त्याच दुरुस्तीने आणखी एक कलम आले, ६४-व्हीबी : हप्त्याची रक्कम आधी हातात पडल्याशिवाय कंपनीने जोखीम पत्करायची नाही. ‘आधी पैसे, मग पॉलिसी’ हा नियम आजही कायम आहे. १ जानेवारी १९७३ ला सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमा संस्थांच्या चार कंपन्या झाल्या : न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया. चार कंपन्या, पण भाव एकच. गाडीमालकाला दरांची तुलना करण्याचे कारणच उरले नाही. तुलना व्हायची ती कोणत्या ऑफिसात क्लेम लवकर मिटतो आणि कोणता एजंट नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवून घरी येतो, एवढ्यापुरती.

या काळातला हप्ता कसा निघे, हे १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये नेमके दिसते. खाजगी मोटारींसाठी या दरपुस्तकाने देशाचे दोन विभाग केले. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे ‘अ’ विभागात. बाकी सारा देश ‘ब’ विभागात. जालना ‘ब’ मध्ये होते. पाच वर्षांपेक्षा कमी वयाच्या, १००० ते १५०० सीसी इंजिनाच्या मोटारीसाठी ‘ब’ विभागाचा दर होता विमा किमतीच्या ३.१९१ टक्के, ‘अ’ विभागाचा ३.२८३ टक्के. गाडीची विमा किंमत, म्हणजे एजंटांच्या बोलण्यातली आयडीव्ही, पाच लाख धरली तर जालन्यात नोंदलेल्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १५,९५५ रुपये होई आणि तशाच पुण्याच्या गाडीचा १६,४१५ रुपये. फरक ४६० रुपयांचा. दोन वर्षे क्लेम न घेतलेल्या मालकाला २५ टक्के नो क्लेम बोनस मिळे, म्हणजे जालन्याचा हप्ता ११,९६६ रुपयांवर येई. हा हिशेब एजंट कागदावर करून दाखवू शकत असे आणि गाडीमालक तो स्वतः पडताळू शकत असे. दर छापील होता, सर्वांना सारखा होता. आजच्या भावात ही पारदर्शकता नाही, हे मान्य करावे लागेल.

आयडीव्हीसुद्धा मनाने लिहायची नव्हती. उत्पादकाने जाहीर केलेली त्या मॉडेलची चालू विक्री किंमत घ्यायची आणि घसारा वजा करायचा : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग दरवर्षी दहा-दहाने वाढत पाचव्या वर्षी ५०. त्यापुढच्या जुन्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरे.

पडताळणीची खरी अडचण नो क्लेम बोनसची होती. सलग क्लेम न घेतल्यास तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. एक क्लेम झाला की पुन्हा शून्य. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे गाडी विकली तरी तो मालकाबरोबर जातो. कंपनी बदलताना मालकाने ‘माझा बोनस इतका’ असे लिहून दिले, तर नव्या कंपनीने विश्वास कशावर ठेवायचा? टॅरिफने यासाठी टपालाची व्यवस्था लावून दिली होती. नव्या कंपनीने विमा दिल्यापासून २१ दिवसांत आधीच्या कंपनीच्या त्या शाखेला नोंदणीकृत पत्र पाठवून बोनसची खात्री मागायची. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत जुन्या शाखेने उत्तर द्यायचे. न दिल्यास तो टॅरिफचा भंग. जालन्याच्या शाखेतून निघालेले पत्र दुसऱ्या शहरातल्या शाखेत पोचून, तिथल्या रजिस्टरमधून नोंद काढून उत्तर परत येईपर्यंत दोन महिने सहज उलटत. तोवर पॉलिसी चालू झालेली असे. म्हणून मालकाच्या सहीचे घोषणापत्र हाच या व्यवहाराचा पाया राहिला, आणि आजही तो तसाच आहे : घोषणा खोटी निघाली तर स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा लाभ जाऊ शकतो.

मालवाहू गाड्यांचे गणित वेगळे होते. त्यांच्यासाठी टॅरिफने तीन विभाग केले : मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई ‘अ’ मध्ये, इतर राज्यांच्या राजधान्या ‘ब’ मध्ये आणि उरलेला देश ‘क’ मध्ये. जालना अर्थातच ‘क’. भंगार वितळवून सळई करणाऱ्या पोलाद भट्ट्या, रोलिंग मिल, सरकीचे आणि बियाण्यांचे कारखाने, मोसंबीचा बाजार यांवर चालणाऱ्या या जिल्ह्यात ट्रक हा व्यवसायाचा कणा आहे, आणि त्याच्या विम्याचा भार मोटारीपेक्षा कितीतरी जड आहे.

१ जानेवारी २००७ रोजी स्वतःच्या नुकसानीच्या भागावरचे टॅरिफ उठले. १९९९ च्या कायद्याने आलेल्या नियामक प्राधिकरणामुळे, म्हणजे इर्डामुळे, खाजगी कंपन्या २००० पासून बाजारात होत्याच. आता प्रत्येक कंपनी आपला भाव ठरवू लागली. एका दरपुस्तकाच्या जागी अनेक दरपत्रके आली, आणि तुलना हा प्रश्न पहिल्यांदाच निर्माण झाला. थर्ड पार्टीचा दर मात्र मोकळा केला नाही. तोट्याच्या भीतीने कंपन्या ट्रकचा थर्ड पार्टी विमा घ्यायला नाखूश होत्या. म्हणून त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून मालवाहू व इतर व्यावसायिक वाहनांचा एकत्रित मोटर पूल केला गेला, तो ३१ मार्च २०१२ पर्यंत चालला. थर्ड पार्टीचे दर २०११ पासून क्लेमची संख्या, भरपाईची सरासरी आणि महागाई यांच्या सूत्रावर वेळोवेळी जाहीर होऊ लागले. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढले : १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७, २० ते ४० हजार किलो वजनाच्या ट्रकला ४३,९५०. हे आकडे कोणत्याही कंपनीत सारखेच असतात. सळई वाहणाऱ्या ट्रकच्या मालकाला तुलनेतून फारसे हाती लागत नाही, ते याच कारणाने. त्याच्या हप्त्याचा मोठा भाग आधीच बांधलेला असतो.

दर मोकळे झाले तशी त्यामागची आकडेवारी जास्त महत्त्वाची ठरली. आधी ती टॅरिफ कमिटीकडे येई. २००९ मध्ये इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्यूरो स्थापन झाला आणि कंपन्यांच्या पॉलिसी व क्लेमच्या नोंदी एकत्र करण्याचे काम त्याच्याकडे गेले. ब्यूरोचे कार्यालय हैदराबादला आहे. ज्या शहरातून एके काळी जालन्याचा कारभार चाले, तिथेच आता जालन्याच्या गाड्यांच्या अपघातांचा आणि क्लेमचा हिशेब जमा होतो. दुसरा मोठा साठा परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीचा. जालन्याच्या आरटीओत झालेली प्रत्येक नोंदणी त्यात असते : मॉडेल, इंधन, इंजिनाची क्षमता, नोंदणीची तारीख. तुलनेचा सारा व्यवहार या दोन साठ्यांवर उभा आहे.

तुलना करणाऱ्या सेवेची सुरुवात परदेशात झाली. ब्रिटनमध्ये २००२ साली कन्फ्यूज्ड डॉट कॉम हे मोटारविम्याचे पहिले तुलना संकेतस्थळ निघाले. भारतात पॉलिसीबझार २००८ मध्ये सुरू झाले. इर्डाने वेब ॲग्रिगेटरांसाठी २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे, २०१३ मध्ये विनियम आणि २०१७ मध्ये सुधारित विनियम आणले. त्यांतला एक नियम गाडीमालकाच्या थेट उपयोगाचा आहे : अशा संकेतस्थळाने विमा योजनांना गुण, क्रमवारी किंवा ‘सर्वाधिक खपाची’ असा शिक्का द्यायचा नाही. कंपनीने पुरवलेली माहिती एकसारख्या स्वरूपात दाखवायची, निवड ग्राहकाने करायची.

हे भाव कोणी बाजारात फिरून गोळा करत नाही, ही गोष्ट समजून घ्यायला हवी. आधी कंपन्यांकडून दरांचे तक्ते मागवून ते संगणकात भरले जात. दर बदलला आणि तक्ता जुना राहिला की दाखवलेला भाव आणि प्रत्यक्ष हप्ता यांत फरक पडे. पुढे संकेतस्थळ आणि कंपनी यांचे संगणक थेट जोडले गेले. आता मालकाने भरलेली माहिती त्याच क्षणी प्रत्येक कंपनीकडे जाते आणि तिची यंत्रणा आपल्या नियमाने हिशेब करून आकडा परत पाठवते. म्हणजे पडद्यावरचा भाव हे एका प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न चुकला तर उत्तरेही चुकतात, आणि ती सगळ्या कंपन्यांची एकदमच चुकतात.

चुकीच्या जागा ठरलेल्या आहेत. नंबर टाकला की मॉडेल ‘वाहन’मधून येते, पण त्याचा नेमका प्रकार पुष्कळदा मालकालाच यादीतून निवडावा लागतो. पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवले असेल तर ते आरसीवर चढवून विम्यात दाखवावे लागते. एका कंपनीची आयडीव्ही चार लाख आणि दुसरीची साडेचार लाख असेल, तर पहिलीचा कमी भाव हा स्वस्त भाव नव्हे. गाडी चोरीला गेली तर भरपाईही तेवढीच कमी. मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण एका भावात धरलेले असते, दुसऱ्यात नसते. झिरो डेप्रिसिएशन, इंजिन प्रोटेक्ट ही वाढीव कव्हरे तशीच. जीएसटी धरून आकडा दाखवला की सोडून, हेही पाहावे लागते. पॉलिसी संपून खंड पडला असेल तर कंपनी गाडीची तपासणी मागते. पूर्वी त्यासाठी माणूस येई, आता पुष्कळदा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवायचा असतो. खंड ९० दिवसांपेक्षा जास्त झाला की नो क्लेम बोनस जातो.

टॅरिफच्या काळात दर तपासण्याचे काम समितीचे होते आणि बोनस तपासण्याचे कंपनीचे. आज दराचे अंतर्गत गणित कंपनीकडे आहे आणि माहिती अचूक भरण्याची पहिली जबाबदारी मालकावर आली आहे. हा बदल मोठा आहे, आणि त्याची पुरेशी कल्पना ग्राहकांना दिली जात नाही. घाईत ‘क्लेम घेतला नाही’ वर बोट पडले की हप्ता कमी दिसतो आणि क्लेमच्या वेळी तीच नोंद आडवी येते.

२०२४ मध्ये इर्डाने ‘विमा सुगम’ या सामाईक विमा बाजारपेठेचे विनियम काढले. एकाच ठिकाणी सर्व कंपन्यांच्या पॉलिसी घेण्याची आणि क्लेमपर्यंतची सोय व्हावी असा त्यामागचा हेतू आहे. ती सोय होईपर्यंत जालन्यातल्या गाडीमालकाने आरसी आणि गेल्या वर्षीची पॉलिसी समोर ठेवून नंबर, चासिस क्रमांक, मॉडेल, आयडीव्ही आणि बोनस या पाच गोष्टी पैसे भरण्यापूर्वी जुळवून पाहाव्यात. पॉलिसी निघाल्यावर कंपनी तिची नोंद ‘वाहन’मध्ये करते आणि एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत कुठवर आहे ते दिसते.