तिजोरीच्या दोन किल्ल्या

काटकसर हा असा सद्गुण आहे की तो माणसाला नेहमी दुसऱ्याचा खर्च बघून आठवतो. महागाई वाढली की आमच्या सौभाग्यवतींना माझं पान दिसतं आणि मला त्यांची भिशी. बँकेत वरून ‘स्टेशनरी जपून वापरावी’ असं परिपत्रक येतं, तेही चार प्रतींत. बी. कॉम.ला हे अर्थशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. ते करमाडच्या शाखेत काउंटरमागं बसून शिकलो.

आमचं करमाड जालना रोडवर. रेल्वेचं स्टेशन आहे, शेजारी शेंद्र्याची एम.आय.डी.सी. आहे आणि भोवती कापूस आहे. दिवाळीच्या पुढंमागं व्यापाऱ्याची पट्टी खिशात घालून शेतकरी आत आला, की त्याच्या चालीवरूनच आम्हाला भाव कळतो. चढला असेल तर तो पासबुक भरून मागतो. उतरला असेल तर नुसतं पाणी मागतो. त्यामुळं मुंबई महापालिकेच्या इतिहासात डोकावलो तेव्हा मला मुळीच परकं वाटलं नाही. ती गोष्टसुद्धा कापसापासूनच सुरू होते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठं ही पंचाईत झाली. मग बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवायच्या योजना निघाल्या आणि जो तो शेअर घेत सुटला. बँक ऑफ बॉम्बेनं तर प्रेमचंद रायचंद यांच्या नुसत्या शब्दावर कर्जं दिली म्हणतात. आमच्याकडं पीककर्जाला सात-बारा लागतो, आठ-अ लागतो, शिवाय साहेबांचा मूड लागतो! १८६५ च्या एप्रिलात तिकडची लढाई आटोपली आणि कापूस कोसळला. १ जुलैला, वायदे पुरे करायच्या दिवशी, निम्म्या शेठजींनी हात वर केले. पुढं १८६८ मध्ये ती बँकही गुंडाळली गेली.

आता गंमत बघा. याच १८६५ साली मुंबईला नवा म्युनिसिपल कायदा मिळाला आणि सगळा कारभार आर्थर क्रॉफर्ड नावाच्या कमिशनरांच्या हाती आला. देखरेखीला सरकारनं नेमलेले जस्टिस ऑफ द पीस होते. पण ते मंजुरी देईपर्यंत साहेबांचा खर्च होऊन गेलेला असे. गाव दिवाळखोरीत, आणि साहेबांनी गटारं काढली, रस्ते नीट केले, कत्तलखाने वांद्र्याला हलवले आणि १८६९ मध्ये मोठी मंडई उभी केली. कामं चोख होती, हे त्यांचे शत्रूही मान्य करीत. पण करदात्याचं म्हणणं एवढंच, की शेअर बुडाले, घरभाडी उतरली, मग घरपट्टीच तेवढी कशी चढते?

१८७१ मध्ये हे प्रकरण टाउन हॉलमध्ये पेटलं. जेम्स फोर्ब्स यांनी कमिशनरांचे पंख छाटायचा ठराव आणला. खर्चाला कात्री लावा म्हणून करदात्यांनी एकच गलका केला. त्यात पंचविशीतले एक बॅरिस्टर उठले, फिरोजशहा मेहता. ते म्हणाले ते थोडक्यात असं: कामं लागतच होती, दोष माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. कारभार एकाच्याच हाती असू द्या, पण त्याला जाब विचारणारे लोकांनी निवडून दिलेले असू द्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका सभेत त्यांनी हे सविस्तर मांडलं, तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. शहाणा सल्ला पहिल्या खेपेला असाच पचतो.

पण पचला. क्रॉफर्डसाहेब गेले, १८७२ चा कायदा आला. ६४ सभासदांचं कॉर्पोरेशन झालं आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. गरीब माणूस दाराबाहेरच राहिला, हे खरं. पण दार किलकिलं झालं. मत देण्याचा हक्क आपल्याला थोर विचारवंतांनी दिला अशी माझी समजूत होती. मुंबईत तो घरपट्टीच्या पावतीतून निघाला!

साहेबांचं पुढं काय झालं? १८८८ मध्ये त्यांच्यावर लाचलुचपतीची चौकशी बसली. लाच शाबीत झाली नाही, पण हाताखालच्या मंडळींकडून पैसे उसने घेतल्याचं निघालं आणि नोकरी गेली. म्हणजे घरचं अंदाजपत्रकही म्युनिसिपालिटीच्याच धर्तीवर होतं. मंडई मात्र अजून उभी आहे, महात्मा फुल्यांच्या नावानं.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या जवळचं आहे. एप्रिल २०२० मध्ये संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली. कोरोनामुळं निवडणूक लांबली आणि मग नुसतीच लांबत राहिली. ४ मे २०२० ला राज्य सरकारनं विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली. अशा कडकीच्या दिवसांत काय कापायचं आणि काय राखायचं हे शहरात प्रशासक एकटेच ठरवीत होते, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तेच चाललं. प्रशासक वाईट होते असं मी म्हणत नाही. क्रॉफर्डही कामाला वाईट नव्हते. पण नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजणाऱ्या शहरात नगरसेवकाची एक सोय असते. त्याला रात्री अकरा वाजता उठवून चार शब्द सुनावता येतात. प्रशासकाच्या बंगल्यावर हे कोण करणार?

नगरसेवक सभागृहात भांडतात, माईक ओढतात, चहा पितात, हे मलाही दिसतं. तरी कपात करताना तेवढी भांडणाची जागा सोडावी. आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडं, एक कॅशियरकडं, आणि दोन्ही लावल्याशिवाय ती उघडत नाही. त्या दोघांचं पटायलाच हवं असा काही नियम नाही. पटत नसलं, तर माझ्यासारखा ठेवीदार जरा जास्तच शांत झोपतो.