भिडे, प्रदीप

मराठी वृत्तनिवेदक, सूत्रसंचालक व ध्वनिमुद्रण व्यावसायिक. मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्या वाचणारा भारदस्त आवाज म्हणून महाराष्ट्राला त्यांची ओळख आहे. त्यांच्या कारकिर्दीला जनसंपर्काची पार्श्वभूमी होती, याचा उल्लेख मात्र सहसा ओझरता होतो.

विज्ञान शाखेचे शिक्षण झाल्यावर भिडे यांनी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचा अभ्यास केला. पुढे ई. मर्क आणि हिंदुस्थान लिव्हर या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या जनसंपर्क विभागात त्यांनी नोकरी केली. अशा कंपन्यांत जनसंपर्क अधिकाऱ्याकडे प्रसिद्धिपत्रके, गृहपत्रिका, पाहुण्यांची सरबराई, समारंभांची आखणी अशी कामे असत. मजकूर दुसऱ्याचा, जबाबदारी कंपनीची आणि विश्वास मात्र समोर उभ्या असलेल्या माणसाने कमवायचा, असा हा पेशा. वृत्तनिवेदनाचे काम याहून फारसे वेगळे नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1976 मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, तरी 1997 मध्ये प्रसार भारती अस्तित्वात येईपर्यंत ते सरकारी खातेच होते. तेथे बातमीपत्राची संहिता वृत्तविभाग तयार करी. निवेदकाने ती वाचायची. बहुतेक निवेदक नैमित्तिक कलाकार असत. चाचणीतून निवड, पाळीनुसार बोलावणे आणि मानधन अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे घराघरांत चेहरा पोहोचला तरी पोटापाण्याची सोय अन्यत्र करावी लागे. अनंत भावे प्राध्यापक आणि बालसाहित्यकार होते, भक्ती बर्वे रंगभूमीवरच्या; स्मिता पाटील चित्रपटांत नावारूपाला येण्यापूर्वी याच केंद्रावर बातम्या वाचत. भिडे या मालिकेत आले ते कंपनी-जगतातून. नैमित्तिक नेमणुकीची ही पद्धत नसती, तर इतक्या भिन्न व्यवसायांतली माणसे मराठी बातम्यांना लाभली नसती, असे म्हणण्यास जागा आहे.

भिडे यांच्या वाचनात खर्जाचा भरदार आवाज होता, पण नाट्य नव्हते. जोडाक्षरे पुरती उच्चारणे, वाक्याचा शेवट न गिळणे, निधनाची बातमी आणि क्रिकेटचा निकाल यांतले अंतर केवळ लयीने दाखवणे, ही त्यांची शैली. खासगी वाहिन्या नव्हत्या तेव्हा संध्याकाळी सातच्या बातम्यांना घरात शांतता असे, आणि पुष्कळांच्या कानांवर प्रमाण मराठीचा उच्चार तेथूनच पडे. या शैलीला मर्यादाही होती. निवेदक प्रश्न विचारत नसे, बातमीची निवडही त्याच्या हाती नसे. सरकारी माध्यमाची बाजू तो तितक्याच खात्रीने वाचून दाखवी. हा दोष एकट्या भिड्यांचा नव्हे, तो त्या व्यवस्थेचा.

जनसंपर्काची नोकरी सोडून त्यांनी ‘प्रदीप भिडे क्रिएशन’ या नावाने स्वतःचा ध्वनिमुद्रण व्यवसाय उभा केला. जाहिराती, माहितीपट व लघुपट यांना त्यांनी आवाज दिला. सभा-समारंभांचे सूत्रसंचालनही विपुल केले. जनसंपर्क, जाहिरात आणि निवेदन ही तिन्ही क्षेत्रे येथे एकत्र आली. बातमी वाचणाऱ्या आवाजावर लोकांचा विश्वास असतो. तोच आवाज जाहिरातीत ऐकू येणे कितपत योग्य, हा प्रश्न त्या काळी मराठीत फारसा विचारला गेला नाही. वृत्तनिवेदनाच्या मानधनावर घर चालत नव्हते, हे जाहिराती स्वीकारण्यामागचे व्यावहारिक कारण होते.

2007 मध्ये ‘झी 24 तास’ आणि ‘स्टार माझा’, तर 2008 मध्ये ‘आयबीएन लोकमत’ या वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि मराठी बातम्यांची रीत बदलली. निवेदक आता पगारी पत्रकार झाला. पाहुण्यांना अडवू लागला, चर्चा पेटवू लागला. माहिती वाढली, उच्चारांची शिस्त सैल झाली. नव्या निवेदकांना भिडे यांच्यापासून घेण्याजोगे पुष्कळ आहे, विशेषतः थांबायचे कोठे हे. त्यांच्यासारखी केवळ वाचनावर उभी राहिलेली कारकीर्द मात्र आजच्या वृत्तवाहिन्यांवर घडणे अवघड आहे.

7 जून 2022 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.